कोबीच्या वाफ्यातले बंड

चित्रकलेच्या इतिहासात बंडे पुष्कळ झाली. परंतु कोबीच्या वाफ्यात उभे राहिलेले बंड स्कॉटलंडचेच!

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील चित्रकलेची सूत्रे एडिंबरोच्या रॉयल स्कॉटिश अकादमीकडे होती. धुक्यातले डोंगर, शिंगे उभारलेली हरणे, इतिहासातले करुण प्रसंग आणि या सर्वांवर तपकिरी वार्निशाचा जाड थर, असा त्या चित्रांचा थाट. जहाजे बांधणाऱ्या ग्लासगो शहरातील तरुण चित्रकारांना याचा वीट आला. वार्निशात बुडालेल्या या वडीलधाऱ्यांना त्यांनी नाव ठेवले, ‘सरसाची भांडी’! हे तरुण पुढे ‘ग्लासगो बॉइज’ म्हणून ओळखले गेले.

त्यांच्यापैकी जेम्स गथ्री हा वकिलीचा अभ्यास सोडून चित्रकलेकडे वळलेला. फ्रान्सच्या बास्तियँ-लपाजने शेतकऱ्यांना उघड्या आभाळाखाली पाहून रंगवले होते. तोच धडा गिरवीत गथ्री कॉकबर्न्सपाथ या खेड्यात जाऊन राहिला. तेथे १८८३ साली त्याने ‘शेतगड्याची लेक’ हे चित्र काढले. कोबी कापता कापता एक मुलगी सुरी हातात घेऊन क्षणभर ताठ उभी राहिली आहे, एवढाच विषय. माती, पाने आणि करडा उजेड रुंद, चौकोनी फटकाऱ्यांनी मांडला आहे. ही मुलगी आपल्याकडे पाहते, पण दया मागत नाही. अकादमीच्या करुण चित्रांना याहून सडेतोड उत्तर कोणते?

१८९० साली लंडनच्या ग्रोव्हनर गॅलरीत या मंडळींची चित्रे लागली आणि तेथून त्यांना म्युनिकचे आमंत्रण आले. त्यांच्याच आग्रहावरून १८९१ मध्ये ग्लासगोच्या नगरपालिकेने व्हिसलरने काढलेले कार्लाइलचे चित्र एक हजार गिनी मोजून विकत घेतले. १८९३ मध्ये जॉर्ज हेन्री आणि हॉर्नेल नवे रंग शोधीत थेट जपानला गेले.

आणि १९०२ साली त्याच अकादमीच्या अध्यक्षपदी कोण बसले? जेम्स गथ्री! बंड जिंकले म्हणावे, तर पुढचा प्रसंग आठवतो. १९१२ साली सॅम्युअल पेप्लो पॅरिसहून परतला, तेव्हा त्याची झगझगीत चित्रे मांडण्यास त्याच्या नेहमीच्या विक्रेत्यानेच नकार दिला. एका पिढीने उघडलेले दार दुसऱ्या पिढीला पुन्हा ठोठवावे लागले. पेप्लोनेही ते ठोठावले, आणि आज स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहात त्याची चित्रे आहेत. कोबीच्या वाफ्यातली ती मुलगीही तेथेच आहे.