काढा (घरगुती औषध)

काढा म्हणजे वनस्पतींची मुळे, साली, पाने किंवा मसाल्याचे पदार्थ पाण्यात उकळून, ते पाणी आटवून व गाळून तयार केलेले औषधी पेय होय. संस्कृतमध्ये त्यास क्वाथ किंवा कषाय म्हणतात. महाराष्ट्रात सर्दी, खोकला व घसादुखी यांवर विशेषतः पावसाळ्यात आणि हिवाळ्यात घरोघरी काढा केला जातो. काढ्याने घशाला आराम मिळू शकतो. मात्र सर्दीस कारणीभूत असणाऱ्या विषाणूंचा त्याने नाश होत नाही.

ग्रंथांतील उल्लेख

चरकसंहितेत औषध तयार करण्याच्या पाच मूलभूत पद्धती सांगितल्या आहेत : स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. शार्ङ्गधरसंहितेनुसार भरड औषधाच्या १६ पट पाणी घेऊन ते मंद आचेवर एक अष्टमांश उरेपर्यंत आटवावे. घरगुती काढा सहसा इतका आटवला जात नाही.

घटक

सुंठ किंवा आले, मिरे, लवंग, दालचिनी, तुळस, गवती चहा, ज्येष्ठमध व अडुळसा हे नेहमीचे घटक होत. गोडीसाठी गूळ, खडीसाखर किंवा मध वापरतात. अडुळशाच्या पानांत व्हॅसिसीन हे अल्कलॉइड असते. कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सीन हे आधुनिक औषध त्यावरूनच विकसित झाले. ज्येष्ठमधाची गोडी ग्लिसिरायझिन या घटकामुळे असते.

कृती

सुंठ, मिरे, दालचिनी, ज्येष्ठमध असे कठीण पदार्थ कुटून दोन कप पाण्यात मंद आचेवर उकळतात व पाणी निम्मे होईपर्यंत आटवतात. तुळस व गवती चहा यांतील सुगंधी तेले उकळताना उडून जातात. म्हणून ही पाने शेवटी घालून भांडे काही मिनिटे झाकून ठेवणे योग्य ठरते. ही रीत फांटाच्या जवळची आहे. आयुर्वेदात मध गरम करणे निषिद्ध मानले असल्याने तो काढा कोमट झाल्यावरच मिसळतात. काढा ताजा करून त्याच दिवशी संपवतात.

आयुष क्वाथ

२०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीत आयुष मंत्रालयाने तुळस ४ भाग, दालचिनी २ भाग, सुंठ २ भाग व मिरे १ भाग अशा मिश्रणाची शिफारस केली. उद्देश रोगप्रतिकारशक्ती वाढवणे हा होता. मंत्रालयाने तो कोविडवरील उपचार म्हणून सांगितला नव्हता.

दक्षता

एक वर्षाखालील बालकांना मध देऊ नये. त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. ज्येष्ठमधाच्या दीर्घ व अतिसेवनाने रक्तदाब वाढतो आणि रक्तातील पोटॅशियम घटते. त्यामुळे उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ते टाळावे. अडुळसा गर्भाशयाचे आकुंचन घडवू शकत असल्याने गरोदरपणात वर्ज्य मानला जातो. तिखट काढ्याचा अतिरेक झाल्यास पित्त व जळजळ वाढू शकते. मधुमेहींच्या बाबतीत गूळ, साखर व मध यांचे प्रमाणही पाहावे लागते.

साधी सर्दी बहुधा ७ ते १० दिवसांत आपोआप बरी होते. श्वास घेण्यास त्रास, छातीत दुखणे, थुंकीतून रक्त पडणे किंवा सतत ताप ही लक्षणे असल्यास काढ्यावर विसंबून न राहता तातडीने डॉक्टरांकडे जाणे आवश्यक असते. दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकणारा खोकला हे क्षयरोगाचे लक्षण असू शकते. त्यासाठी शासकीय आरोग्य केंद्रांत थुंकीची तपासणी मोफत केली जाते.