'ब्रह्मचारी' आणि आमची मुले

परप्रांती राहणाऱ्या आम्हां मराठी नोकरदारांपुढे एक प्रश्न वारंवार उभा राहतो. मंडळात जुना मराठी बोलपट दाखवावयाचे ठरले, की तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना बरोबर न्यावे की घरी ठेवावे? 'ब्रह्मचारी'चे नाव निघाले म्हणजे तर हा प्रश्न अधिकच नाजूक होतो. कारण पुष्कळांना त्या बोलपटातील पोहण्याच्या पोशाखातले गाणे तेवढे ठाऊक असते.

हंस पिक्चर्सने १९३८ साली हा बोलपट मराठीत आणि हिंदीत काढला. कथा आचार्य अत्र्यांची, दिग्दर्शन मास्टर विनायकांचे. औदुंबर नावाचा तरुण एका व्याख्यानाने भारावून ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा करतो, जमविलेली नटनट्यांची चित्रे फेकून देतो व एका आचार्यांच्या संस्थेत दाखल होतो. पुढे किशोरी भेटते आणि प्रतिज्ञा डळमळते. मीनाक्षी शिरोडकरांनी रंगविलेल्या ह्या किशोरीच्या पोशाखाने त्या काळी मोठी खळबळ उडविली.

वयानुसार दाखला देण्याची आजची पद्धत तेव्हा नव्हती. 'यू' आणि 'ए' हा भेद १९४९ च्या दुरुस्तीने आला. सात, तेरा व सोळा ह्या वयांच्या पायऱ्या तर २०२३ च्या दुरुस्तीने आल्या. परंतु कोणताही दाखला मुलाचे वय पाहतो, त्याची समज नव्हे. ती पाहणे आईबापांचेच काम आहे.

आमच्या मते हा बोलपट कुमारवयासाठी अयोग्य तर नाहीच, उलट तो त्याच वयाचा आहे. एक व्याख्यान ऐकून दुसऱ्या दिवशी पहाटे उठावे, चहा सोडावा आणि आठवड्याने सारे विसरावे, हा त्या वयाचा धर्मच होय. औदुंबराला हसताना मूल स्वतःलाच हसते. मात्र येथे उपहास उसन्या आवेशाचा आहे, संयमाचा नव्हे, एवढे वडीलधाऱ्यांनी शेजारी बसून सांगितले पाहिजे. पोशाखाचे म्हणाल, तर आजची मुले उलट आम्हांलाच विचारतील, "ह्यात एवढे काय होते?" त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे आमच्या आजीपणजींच्या काळाचा इतिहास आहे, तो सांगण्याची संधी दवडू नये.

शिवाय अत्रे हाडाचे शिक्षक. अध्यापनाचे शिक्षण त्यांनी लंडनला घेतले, मुलांसाठी 'नवयुग वाचनमाला' रचली. त्यांच्याच 'श्यामची आई'ला (१९५३) राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. त्या बोलपटाला मुलांना नेताना आम्ही क्षणभरही विचार करीत नाही. मुलांना रडविण्याचा ज्याला अधिकार दिला, त्याला हसविण्याचा का देऊ नये?

खरी अडचण निराळीच आहे. अत्र्यांचा विनोद शब्दांवर उभा असतो. शाळा इंग्रजीची, अंगण हिंदीचे आणि मराठी केवळ जेवणाच्या पानापुरती, अशा घरातील मुलाला त्यातील खोच उमगत नाही. सभागृह हसते आणि ते आमच्या तोंडाकडे पाहते. पोशाखापेक्षा ह्या पाहण्याची चिंता आम्हांस अधिक वाटली पाहिजे. म्हणून तेरा वर्षांपुढील मुलांना अवश्य न्यावे. पण आधी आठ दिवस रोज रात्री घरात अत्र्यांचे एखादे पान मोठ्याने वाचावे.