हाली, कलदार आणि हुंडी

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याचे जामखेड, पाथर्डी हे तालुके बीड जिल्ह्याला लागून आहेत. १९४८ पर्यंत ही केवळ जिल्ह्याची हद्द नव्हती. पलीकडे हैदराबाद संस्थान होते आणि चलनही निराळे होते. नगरकडे इंग्रजी ‘कलदार’ रुपया चाले, तर निजामाच्या मुलखात ‘हाली’. साधारणपणे सात हाली म्हणजे सहा कलदार. संस्थान विलीन झाल्यावरही हाली रुपया काही वर्षे चालला. तो १९५९ मध्ये रद्द झाला.

समजा, नगरच्या व्यापाऱ्याला हैदराबादेत पाच हजार रुपये पोचवायचे आहेत. १८३५ साली ठरलेल्या मापाचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा. म्हणजे पाच हजारांचे ओझे सुमारे ५८ किलो! वाटेत लुटारूंचे भय, शिवाय तिकडे नाणे बदलताना द्यावा लागणारा बट्टा.

यावर आपल्याकडे फार जुना उपाय होता, तो म्हणजे हुंडी. व्यापारी नगरच्या सावकाराकडे रक्कम भरी. सावकार आपल्या हैदराबादच्या आडत्याच्या नावे हुंडी लिही, आणि आडत्या तिकडच्या चलनात पैसे देई. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की चांदी जागची हलतच नाही. एका वहीत जमा आणि दुसऱ्या वहीत नावे, एवढेच घडते.

पण मग धोका कोठे उरतो? दोन वह्यांच्या मधल्या जागेत. हुंडी खोटी असली, किंवा एकाच हुंडीचे पैसे दोनदा दिले गेले, तर एका बाजूला काहीच न भरता दुसरीकडे पैसे निघतात. हे टाळण्यासाठी रीती पडल्या होत्या. शाहजोग हुंडीचे पैसे केवळ बाजारात पत असलेल्या ‘शाहा’लाच मिळत, हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली, तर ते त्याला परत करावे लागत. हुंडी हरवली तर दुसरी प्रत, म्हणजे ‘पेठ’, मिळे. पण मूळ हुंडीचे पैसे दिले गेले नसतील, तरच ती चाले. पैसे चुकते झालेली हुंडी रद्द होई. तिला ‘खोखा’ म्हणत.

आज हाच प्रश्न संगणकाच्या जगात पुन्हा उभा आहे. ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली, मागची नोंद सहसा बदलता न येणारी खातेवही. स्टेबलकॉइन हे अशा वहीतले नाणे. त्याची किंमत बहुधा डॉलरशी बांधलेली असते. इथेरियम आणि सोलाना या अशा दोन निरनिराळ्या वह्या आहेत. एका वहीला दुसरीतली नोंद आपली आपण वाचता येत नाही. म्हणून मध्ये ‘पूल’ बांधतात: नाणे इकडे कुलूपबंद करायचे आणि त्याच्या बदल्यात तिकडे तेवढेच नवे काढायचे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये वर्महोल या पुलाची सही तपासण्याची रीत चोराने चुकवली. इकडे काहीही न ठेवता त्याने सोलानावर १,२०,००० इथर काढले. ही खोटी हुंडीच. पुढच्याच महिन्यात रोनिन पुलावर वेगळा प्रकार घडला. तेथे नऊ साक्षीदार होते आणि पाच सह्या पुरत. चोराने पाच किल्ल्या मिळवल्या आणि १,७३,६०० इथर व अडीच कोटींहून अधिक यूएसडीसी हे स्टेबलकॉइन नेले.

यूएसडीसी काढणाऱ्या सर्कल कंपनीने २०२३ मध्ये दुसरी रीत सुरू केली. इकडचे नाणे कुलपात न ठेवता नष्टच करायचे, आणि ते नष्ट झाल्याची खातरजमा झाल्यावर तिकडे नवे काढायचे. आधी खोखा, मग पैसे! लुटण्याजोगा साठा मध्ये उरत नाही. मात्र ती खातरजमा कंपनीच करते. म्हणजे भिस्त अखेर तिच्यावरच.

गणित आणि यंत्रे बदलली, तरी प्रश्न तोच राहिला आहे: पलीकडच्या वहीत काय लिहिले आहे, याची साक्ष कोणी द्यायची? वर्गात दोन वह्या, दोन ‘सावकार’ आणि एक ‘चोर’ घेऊन हा खेळ जरूर करून पाहावा. चोराला वाट कोठे सापडते, हे मुले स्वतःच शोधून काढतील.