ट्राम, चुंबकसूची आणि पवनचक्की

पवनचक्की शिकवताना वाऱ्याने पाती फिरतात, हे मुलांना चटकन पटते. पण नुसत्या फिरण्यातून वीज कशी निघते? हे समजावताना रायगड किनाऱ्यावरील अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचा इतिहास उपयोगी पडतो.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी शहरात घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचे ठरले. आता ट्रामच्या विजेचा चुंबकसूचीशी काय संबंध? १८२० साली ओर्स्टेड यांनी दाखवले होते की, वीज वाहणाऱ्या तारेजवळ चुंबकसूची हलते. म्हणजे ट्राम सुरू झाल्यावर कुलाब्यातील सूच्या पृथ्वीबरोबर ट्रामचेही चुंबकत्व नोंदवणार! साठ वर्षांची नोंदमाला तुटण्याची वेळ आली.

वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागची निवड केली. तेथे लोखंड टाळून आणि चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरचा दगड वापरून इमारत बांधली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी केली, म्हणून जुन्या नोंदींना नव्या जोडता आल्या. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली धावली.

हाच संबंध उलटा करून पाहू. विजेने चुंबक हलतो, तर चुंबक हलवून वीज मिळेल का? मिळते, हे फॅरेडे यांनी १८३१ साली सिद्ध केले. मात्र तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलत असेल तोवरच. तो थांबला की वीजही थांबते. पवनचक्कीच्या जनित्रात हे हलवण्याचे काम वारा करतो. पाती सावकाश फिरतात, म्हणून बहुतेक पवनचक्क्यांत दंतचक्रे वेग वाढवतात. डेन्मार्कमध्ये पॉल ला कूर या शिक्षकाने १८९१ साली आपल्या शाळेत पवनचक्कीपासून वीज मिळवली होती. आपल्या कोकणात देवगडला १९८६ साली प्रायोगिक पवनचक्क्या उभ्या राहिल्या.

वर्गात होकायंत्रावर, सुईला समांतर, तार धरा आणि टॉर्चचा सेल क्षणभर जोडा. सुई हलली की विचारा, मूस यांनी कुलाबा का सोडले? मग डायनामो लावलेल्या सायकलचे चाक हाताने फिरवा. दिवा लागला की विचारा, येथे वाऱ्याचे काम कोण करत आहे?