‘घाण’ शब्दाचा अर्थविकास

‘घाण’ हा शब्द मूळचा दुर्गंधवाचक नव्हे. संस्कृत ‘घ्राण’ म्हणजे हुंगण्याची क्रिया अथवा ती करणारे इंद्रिय. प्राकृतात रकाराचा लोप होऊन ‘घाण’ हे रूप सिद्ध झाले; पण अर्थ नाक वा गंध असाच राहिला. सातवाहनांच्या प्रतिष्ठानाशी, म्हणजे पैठणाशी, जिचे नाव निगडित आहे त्या महाराष्ट्री प्राकृताच्या वारसदार मराठीत मात्र नाकाचा अर्थ ‘घ्राणेंद्रिय’ या तत्सम शब्दाकडे गेला, नपुंसकलिंगी शब्द स्त्रीलिंगी झाला आणि त्याच्या वाट्यास केवळ दुर्गंध आला. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात दुर्गंध व मलिनता हे दोन्ही अर्थ आढळतात.

ही घसरण एकट्या ‘घाणी’ची नाही. संस्कृत ‘वास’ सुगंधाचा. पण ‘दुधाला वास येतो’ असे म्हटले की विशेषणाची गरज उरत नाही. औरंगाबादेत मराठीच्या शेजारी नांदलेल्या दखनी-उर्दूत फारसी ‘बू’चे तेच झाले. इंग्रजी ‘स्टिंक’ हे क्रियापदही आरंभी निव्वळ गंधाचे होते. नाकाला सुवासापेक्षा दुर्गंधाची दखल घेणे अधिक निकडीचे वाटते, एवढेच यावरून म्हणता येईल. (‘दर्प’ या शब्दाची वाट निराळी. तो गर्वातून गंधाकडे आला.)

पुढची पायरी अधिक महत्त्वाची होय. ‘घाण येते’ येथे घाण म्हणजे गंध. ‘घाण पडली आहे’ येथे ती वस्तू. ‘घाणेरी’ या झुडपाच्या नावात पहिला अर्थ टिकून आहे. ‘घाणेरडा’ हे विशेषण मात्र वस्तूवरून माणसावर व त्याच्या वर्तनावर गेले. समाजव्यवहारात ते घाण करणाऱ्यापेक्षा ती उपसणाऱ्यालाच अधिक चिकटले, ही या शब्दाच्या इतिहासातील लाजिरवाणी बाब आहे.

अर्ज, निवेदने आणि वृत्तपत्रे यांत ‘घाण’ सहसा येत नाही. तेथे ‘दुर्गंधी’ येते. संस्कृतात ‘दुर्गंधि’ हे विशेषण. मराठीने त्याचे नाम बनविले. फरक केवळ सभ्यतेचा नाही. दुर्गंधी ‘पसरते’, ‘सुटते’. तिला कर्ता लागत नाही. घाण मात्र ‘केली’ जाते, ‘टाकली’ जाते, आणि म्हणून ती कोणी केली हे विचारता येते. शहराचा कचरा वर्षानुवर्षे नारेगावात पडत होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेथील ग्रामस्थांनी गाड्या अडविल्या, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तेथे कचरा टाकण्यास मनाई केली, आणि ७ मार्च रोजी मिटमिटा येथे कचऱ्याच्या गाड्यांवरून हिंसाचार झाला. वृत्तपत्रांनी या साऱ्यास ‘कचराकोंडी’ म्हटले. या नव्या सामासिक शब्दात कोंडी शहराची आहे. नारेगावच्या नाकाचा त्यात उल्लेख नाही.