पीसीओएस आणि गर्भधारणा

पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) हा स्त्रीबीजांडांशी निगडित संप्रेरकांच्या असंतुलनाचा विकार आहे. शिकागोच्या स्टाइन व लेव्हेन्थल यांनी 1935 मध्ये त्याचे वर्णन केले. पुरुष-संप्रेरके आणि बहुधा इन्सुलिन वाढल्याने बीजकोश अर्धवट वाढून थांबतात. बीज वेळेवर सुटत नाही, पाळी लांबते. सोनोग्राफीत दिसणाऱ्या ‘गाठी’ म्हणजे हेच कोश, कर्करोग नव्हे. मुंबईतील 15 ते 24 वयोगटातील मुलींच्या 2014 च्या अभ्यासात निदानाच्या रॉटरडॅम निकषांनुसार पीसीओएसचे प्रमाण 22.5 टक्के, तर अधिक कडक निकषांनुसार 10.7 टक्के आढळले.

पीसीओएस आहे म्हणून वंध्यत्व ठरत नाही. उपचारांनी बहुतेकींना गर्भ राहतो. वजन जास्त असल्यास 5 ते 10 टक्के घटही पाळी सुधारू शकते. सडपातळ स्त्रीला मात्र उपाशी ठेवू नये. बीज सुटण्यासाठी लेट्रोझोल हे आज पहिल्या पसंतीचे औषध आहे, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. गर्भारपणी मधुमेह व रक्तदाबाचा धोका वाढतो, म्हणून साखरेची तपासणी लवकर करावी.

धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा, शिंदखेडा परिसरातील जोडप्यांना पुढील उपचारांसाठी धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्यातच आहे. मूल न होण्याचा दोष आजही सुनेच्याच माथी मारला जातो, हा उघड अन्याय आहे. पाळी फार अनियमित असेल तर गर्भ राहण्याची वाट पाहत वर्षभर थांबू नये, डॉक्टरांना भेटावे. पहिल्याच भेटीत नवऱ्याची वीर्यतपासणीही करून घ्यावी.