पूर्वज शोधावेत पाळीवर

आम्हा कोहळ्यांच्या मूळ पुरुषाची गोष्ट काशीपासून सुरू होते. चांद्याचा एक गोंड राजा काशीला गेला आणि परतताना आमच्या पूर्वजांना सोबत घेऊन आला, असे घरोघरी सांगतात. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली मध्य प्रांतातल्या जातींवर काढलेल्या ग्रंथात हीच परंपरा नोंदली आहे. वैनगंगा खोऱ्यातले मोठमोठे तलाव कोहळ्यांनी बांधले आणि 1911 साली त्यांची वस्ती सुमारे 26 हजार होती, असेही त्यात आहे.

नातवाच्या जात पडताळणीला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागला, तेव्हापासून मी घराण्याचा माग काढतो आहे. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात वडील सापडले, कोतवाल पंजीत आजोबांचा जन्म, अधिकार अभिलेखात शेत आणि शेजारची बोडी, म्हणजे लहान तळे. त्याआधीची इंग्रजी अमदानीतली बंदोबस्त मिसल, म्हणजे जमीन आणि साऱ्याची नोंद. 1861 साली मध्य प्रांत झाला, पुढच्या बंदोबस्तात गावाचा सारा भरणाऱ्या मालगुजारांना गावाची मालकी मिळाली, आणि सीर, खुदकाश्त अशा जमिनींच्या रकान्यांतून आमची माणसे कागदावर आली. त्यामागे कागद नाही. 1620 साली मेफ्लॉवर जहाजातून अमेरिकेत उतरलेल्यांची नावे त्यांच्यातल्याच ब्रॅडफर्डने लिहून ठेवली; त्यांचे वंशज आजही तिथवर पिढ्या जोडतात. आमच्या पूर्वजांची यादी कुणी केली नाही. त्यांनी तलावांच्या पाळी, म्हणजे बांध, बांधल्या.

अर्जुनी-मोरगाव तालुक्यातला नवेगावबांध तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. भोवतीच्या सात शिखरांना सात बहिणी म्हणतात. पाटील वारल्यावर लोकांनी त्यांना कोलासूर देव मानले. तलावालगतच्या डोंगरावर त्यांचे ठाणे आहे. त्यांच्याशी रक्ताचे नाते मी सांगणार नाही, कारण तसा पुरावा माझ्यापाशी नाही. कामाचे नाते मात्र सांगतो. उतार पाहून पाळ कुठे घालायची, पाणी सोडायचे तुडूम कुठे बसवायचे, जादा पाणी सलंगावरून, म्हणजे सांडव्यावरून, कुठे काढायचे, हे बापाने लेकाला बांधावर उभे करून शिकवले. धान आणि ऊस त्याच पाण्यावर पिकले. वंश असाही चालतो.

1951 साली मालगुजारी गेली. तलाव सरकारजमा होऊन माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव झाले. गावाचा हात सुटला, तसा कित्येक तलावांत गाळ साचला, बेशरमाची झुडपे माजली.

घरात जुनी मिसल किंवा वाटणीपत्र असेल, तर आजच त्याची नक्कल करून ठेवा. वंशावळ लिहाल तेव्हा प्रत्येक नावापुढे एक रकाना जादा आखा: याने कोणती बोडी खणली, कोणती पाळ राखली. हे सांगणारी म्हातारी माणसे गावात आहेत, तोवर त्यांना विचारून घ्या. आणि तो रकाना आपल्या नावापुढे कोरा राहणार नाही, एवढे काम आपणही करू या.